रंगाचा डबा, बॅच नंबर आणि सप्लायर : रंगकाम व्यावसायिकांचे प्रश्न

प्रश्न : दोन कंपन्यांच्या इमल्शनच्या (भिंतीच्या पाण्यातल्या रंगाच्या) किमतीत बराच फरक आहे. स्वस्तातला डबा घेऊन एक हात जास्त मारला तर काय बिघडतं?

बिघडत काही नाही, फक्त त्या जास्तीच्या हाताची मजुरी तुमच्या खिशातून जाते. डब्याची किंमत सोडा, चौरस मीटरमागचा खर्च काढा. कंपनीच्या तांत्रिक माहितीपत्रकात घन भागाची आकारमानानुसार टक्केवारी दिलेली असते. पाणी उडून गेल्यावर भिंतीवर उरतो तो एवढाच. या टक्केवारीला १० ने गुणा आणि वाळलेल्या थराच्या मायक्रॉनमधल्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागातल्या) जाडीने भागा. एका लिटरला किती चौरस मीटर, ते मिळतं. ४० मायक्रॉनच्या थरासाठी ४० टक्केवाला रंग १० चौरस मीटर जातो, ३० टक्केवाला साडेसात. १५० चौरस मीटर भिंतीला एका हातासाठी १५ लिटर की २० लिटर, हा फरक इथे पडतो. (हे कागदावरचं गणित. खरबरीत भिंत आणि रोलरने प्यायलेला रंग त्यात धरलेला नाही.)

आता दुसरी बाजू. घन भाग भरपूर, पण त्यात टायटॅनियम डायऑक्साइड कमी आणि खडूची भर जास्त, असंही असतं. असा रंग वाळल्यावर छान पांढराशुभ्र दिसतो आणि गिऱ्हाईक खूश होतं. मग कोणीतरी स्विचभोवतीचे बोटांचे डाग पुसायला जातं आणि फडक्यावर रंगच उतरतो. म्हणून नवा ब्रँड घेण्याआधी एका फळीवर काळी पट्टी ओढा, तिच्यावर दोन्ही रंग शेजारी शेजारी लावा. पट्टी किती हातांत झाकली जाते ते बघा. दोनेक आठवडे जाऊ द्या, मग ओल्या फडक्याने घासा. माहितीपत्रकापेक्षा माझा या फळीवर जास्त विश्वास आहे.

प्रश्न : शेड कोड तोच, दुकान तेच, तरी दुसऱ्या डब्याचा रंग भिंतीवर वेगळा दिसला. दुकानदार म्हणतो, शेड मिसळणारं मशीन चुकत नाही.

मशीन मोजून टाकतं, पण नोझलच्या तोंडाशी रंग सुकला असेल तर माप कमी पडतं. बेस, म्हणजे ज्यात मशीन शेड मिसळतं तो मूळ रंग, वेगळ्या बॅचचा (वेगळ्या वेळी बनवलेला) असू शकतो, डबा शेकरवर पुरेसा हललेला नसू शकतो. लहान डब्यात आणि फिकट शेडमध्ये थेंबाचा फरकही नजरेत भरतो.

पूर्ण कामाचा माल एकदम आणि एकाच बॅचचा मागवा. लावण्याआधी सगळे डबे मोठ्या बादलीत एकत्र करून ढवळा. तरीही माल कमी पडला, तर नवा डबा भिंतीच्या मध्यावर सुरू करू नका, कोपऱ्यापासून घ्या. झाकणावरच्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा. आणि एका कंपनीची शेड दुसऱ्या कंपनीच्या बेसमध्ये ‘मॅच’ करून देतो म्हणणाऱ्याला सांगा, आधी नमुना दे. दिवसा जुळलेली शेड रात्री दिव्याखाली वेगळी दिसू शकते.

प्रश्न : सप्लायर वर्षअखेरीला बक्षीस देतो. सगळा माल त्याच्याकडूनच घ्यावा का?

बक्षीस बाजूला ठेवून दर विचारा, मग ठरवा. दुसरा सप्लायर हाताशी हवाच. ऐन कामात बेस संपला की कळतं का ते. मात्र एका भिंतीवर प्रायमर आणि वरचा रंग एकाच कंपनीचा ठेवा, नाहीतर तक्रारीच्या वेळी दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात.

प्रश्न : पोपडे आले. कंपनी म्हणते काम वाईट, मी म्हणतो रंग वाईट. अशा वेळी सप्लायरचा काय उपयोग?

बऱ्याचदा दोघांचंही चुकतं आणि दोष भिंतीतल्या ओलीचा निघतो. सिमेंटचा नवा गिलावा साधारण २८ दिवस मुरू द्यावा लागतो. त्याआधी तो ओला असतो आणि त्यातला क्षार रंगाला खातो. ओल मोजायचं मीटर घ्या, काम सुरू करण्याआधीचे आकडे आणि फोटो ठेवा. सप्लायरला पहिल्याच भेटीत विचारा : तक्रार आली तर कंपनीचा माणूस साइटवर आणाल का, आणि किती दिवसांत? याचं सरळ उत्तर देणाऱ्याला मी थोडा जास्त दरही देईन.

प्रश्न : गिऱ्हाईक स्वतःच रंग आणून देतं. घ्यावा का?

घ्या, पण हमी फक्त कामाची, मालाची नाही, हे कोटेशनमध्ये लिहा. डबा सीलबंद आहे ना, तारीख उलटली नाही ना, ते गिऱ्हाइकासमोरच बघा. लाकडा-लोखंडासाठी अनोळखी कंपनीचं इनॅमल असेल, तर शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भागांच्या) आत असल्याचा उल्लेख डब्यावर शोधा. तो सापडला नाही आणि घरात लहान मूल असेल, तर डबा परत करायला सांगा.