एनओसी आली, आदेश कधी? – परदेशी दत्तकाबद्दल तुमचे प्रश्न

ताई, आम्ही मूळचे नाशिकचे, सध्या न्यू जर्सीत. पुण्याच्या संस्थेतली चार वर्षांची मुलगी आम्ही स्वीकारली आहे. 'कारा'ची (केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाची) एनओसी, म्हणजे ना-हरकत प्रमाणपत्र, येऊन चार महिने झाले, दत्तक आदेशाचा पत्ता नाही. कायद्यात दोन महिने लिहिलंय ना?

लिहिलंय. पण बाल न्याय कायद्याच्या कलम ६१ मधले दोन महिने अर्ज दाखल झाल्यापासून मोजतात, एनओसीपासून नव्हे. त्यामुळे संस्थेला आधी एवढंच लेखी विचारा: अर्ज कधी दाखल झाला, क्रमांक काय, पुढची तारीख कोणती? बरेचदा फाइल एखाद्या साक्षांकित प्रतीसाठी अडून बसलेली असते आणि कुणी कळवत नाही, याचा मला राग येतो.

महाराष्ट्रात आणखी एक गुंता झाला. सप्टेंबर २०२२ पासून आदेशाचा अधिकार न्यायालयाकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे गेला. प्रलंबित प्रकरणं तिकडे वर्ग करण्याला मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये अंतरिम स्थगिती दिली. या बदलात बऱ्याच फायली रेंगाळल्या.

एनओसी हाती असल्याने, आदेश येईपर्यंत हमीपत्र देऊन मुलीला भारतातच तात्पुरतं सांभाळायला घेता येतं. पण आदेश होईपर्यंत दोघांपैकी एकाला तरी इथे राहता येणार असेल, तरच घ्या. रजा संपली म्हणून तीन आठवड्यांनी तिला परत संस्थेत सोडणं, हे चार वर्षांच्या पोरीला कुठल्याच शब्दांत समजावता येत नाही. राहणं जमणार नसेल तर भेटून या, आणि तुमचे चेहरे, घर, तिची खाट असा फोटोंचा छोटा अल्बम संस्थेत ठेवा. तिथल्या मावश्या तो रात्री दाखवतात. व्हिडिओ कॉलवर मराठीतच बोला. इंग्रजी नंतर आपोआप येईल.

आमची आय-८००ए, म्हणजे परदेशातून मूल दत्तक घ्यायला आम्ही पात्र असल्याची अमेरिकी सरकारची मंजुरी, संपत आली आहे. सगळं पहिल्यापासून करावं लागेल?

नाही. मंजुरी १५ महिन्यांची असते आणि सप्लिमेंट ३ हा त्याचाच पुरवणी अर्ज भरून ती वाढवता येते. मुदत संपायच्या ९० दिवस आधीपासून अर्ज घेतात. सोबत अद्ययावत गृह अध्ययन अहवाल (समाजसेविकेने केलेल्या तुमच्या घर-कुटुंबाच्या पाहणीचा) लागतो आणि वेळ जातो तो त्यातच, म्हणून समाजसेविकेची वेळ आजच ठरवा. मुदत उलटू दिलीत, तर मात्र खरंच पहिल्यापासून करावं लागेल.

दिवाळीत बहीण येईल असं सात वर्षांच्या मुलाला सांगून बसलो. आता तो रोज विचारतो.

त्याला खरं सांगा: "साहेबांची सही व्हायची आहे, दिवस आम्हालाही माहीत नाही." नवी तारीख देऊ नका. त्याच्याकडून तिच्यासाठी चित्र काढून घ्या, ते संस्थेत पाठवा. वाट बघताना त्याच्या हाताला काम हवं. आणि तिकिटं आधीच काढून ठेवू नका. आदेशानंतर मुलीचा पासपोर्ट, मग व्हिसा, आणि त्यानंतरच अंतिम ताबा, हा क्रम कुणासाठी बदलत नाही.