ठाण्यातल्या वाचनालयात मुलांसाठी दर शनिवारी गोष्टीचा तास घेणार आहात ना?

पहिल्याच शनिवारी नाटुकलं, चित्रकला, प्रश्नमंजूषा असा सगळा पसारा मांडू नका. एक गोष्ट, नीट वाचलेली, पुरते. पुस्तक मुलांकडे उघडं धरायचं, म्हणजे चित्रं त्यांना दिसतात. ओळी मात्र तुम्हाला आदल्या दिवशीच जवळपास पाठ हव्यात. शेवटी ‘तात्पर्य काय?’ विचारलंत की पोरं चुळबुळायला लागलीच म्हणून समजा.

खरं काम त्यानंतर. पातळ, मोठ्या टाइपाची पंधरा-वीस पुस्तकं सतरंजीवर पसरा, मुलांना स्वतः निवडू द्या आणि तिथल्या तिथे नावावर चढवून घरी न्यायला द्या. बालविभागाचं कपाट कुलपात असेल तर किल्ली आधी मागून घ्या. पान फाटेल, चिकटवू. (कार्यकारिणीला हे जरा गोडीगुलाबीनं सांगा.)

ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे, त्यामुळे वाचनालयात हयात गेलेले आजी-आजोबा इथे भेटतात. एखादा शनिवार त्यांना द्या. १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला शाळांत कार्यक्रम असतात. तुमचा तास त्यानंतरच्या शनिवारी ठेवा. जुलैत संख्या रोडावली तर मनाला लावून घेऊ नका, त्या पावसात घोडबंदर रोडवरून पोरं घेऊन कोण येणार?