सरकारमान्य पैज आणि शंभरामागचे नऊ डॉलर

अमेरिकेतील कायदेशीर क्रीडा सट्ट्याविषयी या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे येथे घेतली आहेत. जागेअभावी ती संक्षिप्त केली असून पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे गाळली आहेत.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो आहे. गेल्या हिवाळ्यात आम्ही उभयता न्यू जर्सीतील एडिसन येथे मुलाकडे तीन महिने राहिलो. दर रविवारी मुलगा आणि त्याचे मित्र अमेरिकी फुटबॉलचा सामना पाहायला बसत, पण त्यांचे लक्ष टीव्हीपेक्षा फोनकडेच अधिक असे. एकदा मी डोकावून पाहिले, तर दहा डॉलरच्या एकाच पैजेत चार अटी बांधलेल्या होत्या आणि खाली १३२ डॉलरचा आकडा हिरव्या अक्षरांत झळकत होता. मी हटकल्यावर तो म्हणाला, “बाबा, इथे हे कायदेशीर आहे, सरकार यावर टॅक्स घेतं.” मी लालबागला वाढलो, मटक्याच्या ओपन-क्लोजपायी उद्ध्वस्त झालेली घरे पाहिली आहेत. हा धंदा तिकडे इतक्या थोड्या वर्षांत एवढा कसा फोफावला, आणि कायदेशीर असला म्हणजे तो सुरक्षित समजावा का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आपल्या चिरंजीवांनी सांगितले ते खरे आहे, आणि योगायोगाने ते ज्या राज्यात राहतात त्याच राज्याने हा दरवाजा उघडला. अमेरिकी संसदेने १९९२ मध्ये कायदा करून नेवाडासारखे मोजके अपवाद वगळता राज्यांना क्रीडा सट्ट्याला परवानगी देण्यास मनाई केली होती. त्या कायद्याचे एक प्रमुख पुरस्कर्ते होते सिनेटर बिल ब्रॅडली, जे न्यू यॉर्क निक्सचे जुने बास्केटबॉलपटू आणि विशेष म्हणजे न्यू जर्सीचेच प्रतिनिधी होते. अटलांटिक सिटीच्या कॅसिनोंमुळे न्यू जर्सीला वर्षभरात स्वतःची सोय करून घेण्याची सवलत त्या कायद्यात होती, पण ती मुदत राज्याने दवडली. पुढे कॅसिनोंचे उत्पन्न आटू लागल्यावर २०११ मध्ये राज्याने जनमत घेतले, २०१२ मध्ये कायदा केला, आणि सर्व मोठ्या व्यावसायिक लीग व महाविद्यालयीन खेळांची संघटना त्याविरुद्ध न्यायालयात गेल्या. १४ मे २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १९९२ चा कायदा रद्द केला. सट्टा चांगला की वाईट, या वादात न्यायालय पडलेच नाही. राज्याच्या विधिमंडळाने कोणता कायदा करावा किंवा करू नये, असा हुकूम संसदेला सोडता येत नाही, एवढ्याच मुद्द्यावर निकाल लागला.

बरोबर महिन्याने, १४ जूनला, एडिसनपासून तासाभराच्या आत असलेल्या मॉनमाउथ पार्क या घोड्यांच्या रेसकोर्सवर गव्हर्नर फिल मर्फी यांनी राज्यातील पहिली कायदेशीर पैज लावली. वीस डॉलर जर्मनी फुटबॉलचा विश्वचषक जिंकेल यावर आणि वीस डॉलर राज्यातील आइस हॉकी संघ डेव्हिल्सवर. जर्मनी गटातच गारद झाली आणि डेव्हिल्सनाही करंडक मिळाला नाही. ज्या लीग सहा वर्षे कोर्टात भांडत होत्या, त्यांपैकी बास्केटबॉलच्या एनबीएने त्याच जुलैअखेर एमजीएम या कॅसिनो कंपनीशी करार करून टाकला.

वाढीचे खरे कारण मात्र आपण पाहिलेल्या त्या हिरव्या आकड्यात आहे, म्हणून त्याचा हिशेब सविस्तर मांडतो. अमेरिकेत साधी पैज बहुधा अशी असते की ११० डॉलर लावल्यास जिंकल्यावर मुद्दलाशिवाय १०० मिळतात, आणि दोन्ही बाजूंना हाच भाव असतो. दोन माणसांनी परस्परविरुद्ध बाजूंना ११० लावले तर कंपनीकडे २२० जमतात आणि जिंकणाऱ्याला २१० द्यावे लागतात. उरलेले दहा तिचे, म्हणजे शंभरामागे साधारण साडेचार. नेवाडात अनेक दशके हा धंदा शंभरामागे पाचेक डॉलरवर चालत आला. पण २०२४ मध्ये अमेरिकेत सुमारे १५० अब्ज डॉलरच्या कायदेशीर पैजा लागल्या आणि कंपन्यांकडे सुमारे १३.७ अब्ज उरले, म्हणजे शंभरामागे नऊहून अधिक. हे वरचे चार-साडेचार डॉलर आले कुठून?

ते मुख्यतः चिरंजीवांच्या चार अटींच्या पैजेतून आले. तिला पार्ले म्हणतात (आपल्या पार्ल्याशी किंवा बिस्किटाशी संबंध नाही). चारही अटी खऱ्या ठरल्या तरच पैसे, एक जरी हुकली तरी सगळे गेले. प्रत्येक अट नाणेफेकीसारखी अर्धी-अर्धी धरली, तर चारही जुळण्याची शक्यता सोळांत एक. त्यामुळे दहा डॉलरला १६० परत मिळणे हा न्याय्य भाव झाला. प्रत्यक्षात मिळतात १३२. प्रत्येक अटीमागची साडेचार टक्क्यांची कात्री चार वेळा चालते आणि शंभरामागे सतरा डॉलर कंपनीकडे जातात. शिवाय एकाच सामन्यातील अटी एकमेकींशी जोडलेल्या असल्या, म्हणजे अमुक खेळाडूच्या इतक्या यार्ड आणि त्याच्याच संघाचा विजय असे काही असले, तर त्यांचा न्याय्य भाव काय, हे घरी कागदावर मांडून काढणे जवळजवळ अशक्य असते. दहा डॉलरला १३२ हा आकडा डोळ्यांत भरतो, १६० कुठे लिहिलेला नसतो.

याला फोनची जोड मिळाली. न्यू जर्सीत लागणाऱ्या रकमेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक रक्कम ऑनलाइन लागते, आणि सामना चालू असताना पुढच्या चेंडूवर, पुढच्या चालीवर भाव बदलत राहतात. बाजारातल्या सर्वांत मोठ्या दोन कंपन्या, फॅनड्युएल आणि ड्राफ्टकिंग्ज, मुळात आपल्या ड्रीम११ सारख्या फँटसी खेळांच्या होत्या. निकाल लागला तेव्हा लाखो क्रीडाप्रेमींची यादी त्यांच्याकडे तयारच होती. आज चाळीसच्या आसपास राज्यांत हा धंदा मान्य आहे, मात्र कॅलिफोर्निया आणि टेक्सास ही लोकसंख्येने सर्वांत मोठी दोन राज्ये अद्याप त्यात नाहीत.

आता सुरक्षिततेविषयी. कायदेशीरपणामुळे जिंकलेले पैसे नक्की मिळतात, बहुतेक राज्यांत एकवीस वर्षांखालच्यांना मनाई असते, तक्रारीला सरकारी खाते असते. मटक्यात यांतले काहीच नव्हते. भाव मात्र कायद्यामुळे आपल्या बाजूला झुकत नाही, आणि सातत्याने जिंकणाऱ्या गिऱ्हाइकाची पैजेची कमाल मर्यादा काही डॉलरवर आणून ठेवण्याची मुभा कंपन्या सर्रास वापरतात, तर मोठ्या रकमा हरणाऱ्याला सरबराईला खास माणूस नेमून सामन्यांची तिकिटे धाडतात. चिरंजीवांना उपदेश करू नये, असे मी सुचवीन. प्रत्येक ॲपमध्ये खात्याचा वर्षभराचा उतारा निघतो, ज्यात भरलेली रक्कम आणि काढलेली रक्कम समोरासमोर दिसते. तो एकदा दोघांनी मिळून वाचावा. उतारा कसा वाचायचा हे आपल्याला मी सांगायला नको.

प्रश्न : आमचे लग्न होऊन सहा वर्षे झाली. यजमान आयटीत आहेत. सुरुवातीला फक्त क्रिकेट आणि फुटबॉल होते. आता पहाटे दोनला उठून चेक प्रजासत्ताकातील टेबल टेनिसच्या सामन्यांवर पैसे लावताना मी त्यांना पाहिले आहे, आणि त्या खेळाडूंची नावेसुद्धा त्यांना ठाऊक नसतात. ते म्हणतात की वर्षभरात जिंकलेले आणि हरलेले सारखेच आहे, चाळीस-चाळीस हजार डॉलर, त्यामुळे नुकसान शून्य. हे खरे मानावे का?
— एक भगिनी, जर्सी सिटी

उत्तर : त्यांचा आकडा खरा धरला तरी नुकसान शून्य होत नाही. २०२५ मध्ये मंजूर झालेल्या अमेरिकी करकायद्यानुसार २०२६ पासून जुगारातील तोट्यापैकी केवळ ९० टक्केच जिंकलेल्या रकमेतून वजा करता येतो. म्हणजे चाळीस हजार जिंकून चाळीस हजार हरलेल्या माणसाच्या केंद्रीय विवरणपत्रात चार हजारांचे उत्पन्न उरते, जे त्याच्या हातात कधी आलेच नाही. तेही खर्चांची तपशीलवार वजावट घेतली तरच. आपण बहुतेकांप्रमाणे प्रमाणित वजावट घेत असाल तर तोटा अजिबात वजा होत नाही आणि चाळीसच्या चाळीस हजारांवर कर लागतो. विवरणपत्र संयुक्त असेल तर खाली सही आपलीही असते. तेव्हा या वर्षी सही करण्यापूर्वी सनदी लेखापालाकडे उतारे घेऊन आपण स्वतः जावे.

दुसरी बाब अधिक गंभीर आहे. ज्या खेळाडूचे नाव माहीत नाही त्याच्यावर पहाटे दोनला पैसे लावणे हे क्रीडाप्रेम नव्हे. असे सामने ॲपवर चोवीस तास असतात, कारण मोठे खेळ झोपलेले असतानाही गिऱ्हाईक जागे असते. न्यू जर्सीत स्वतःला सर्व ऑनलाइन जुगारातून किमान एक वर्षासाठी वगळून घेण्याची सरकारी नोंदणी आहे, पण ती त्या व्यक्तीने स्वतःच करावी लागते. पत्नीला करता येत नाही. आपल्या हातात आहे ते एवढे : आपला पगार वेगळ्या खात्यात वळवणे, आणि १-८००-गॅम्बलर या मदतवाहिनीला फोन करणे. तो क्रमांक जुगार खेळणाऱ्यांप्रमाणेच त्यांच्या घरच्यांसाठीही आहे. भारतातील सासरी-माहेरी हे कळवावे का, असे आपण पत्राच्या शेवटी विचारले आहे. आधी फोन करावा, कुटुंबाला नंतर सांगता येईल.

प्रश्न : सट्टा आपल्याकडे चोरून चालतोच, प्रत्येक आयपीएलला बुकी पकडले जातात. मग अमेरिकेसारखा कर लावून तो मोकळा का करू नये?
— एक व्यापारी, नाशिक

उत्तर : हा विचार आपल्याकडे झालेला आहे. न्यायमूर्ती लोढा समितीने जानेवारी २०१६ मध्ये क्रिकेटवरील सट्टा कायदेशीर करण्याची शिफारस केली, आणि विधी आयोगाने जुलै २०१८ मध्ये, म्हणजे अमेरिकेतील निकालानंतर दोनच महिन्यांनी, बंदी परिणामकारक होत नसेल तर नियमन करावे असा अहवाल दिला. देश मात्र उलट दिशेने गेला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने दोन दिवसांत कायदा मंजूर करून पैसे लावून खेळायचे सर्व ऑनलाइन खेळ, ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बेकायदा ठरवले. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड; खेळणाऱ्याला शिक्षा नाही. ड्रीम११ हे नाव भारतीय संघाच्या छातीवरून उतरले. एक योगायोग पाहा : फॅनड्युएलची मालक असलेली फ्लटर ही कंपनी भारतात जंगली रमीच्याही मागे होती, आणि तो पैशांचा खेळ तिला त्याच महिन्यात बंद करावा लागला. महाराष्ट्रात महालक्ष्मी आणि पुण्याच्या रेसकोर्सवरील घोड्यांच्या शर्यती हाच परवानगीचा जुना अपवाद आहे. आपल्या राज्यघटनेत पैज आणि जुगार हा विषय राज्यसूचीत असल्यामुळे केंद्राचा हा अधिकार न्यायालयात आव्हानित झालेला आहे. न्यू जर्सीचा खटला आठवावा असाच हा प्रश्न.

कराविषयी मात्र सावध राहावे. नेवाडा कंपन्यांच्या उत्पन्नावर ६.७५ टक्के घेते, न्यू यॉर्क ५१. न्यू जर्सीने २०२५ मध्ये ऑनलाइन पैजांवरील दर १३ वरून १९.७५ टक्क्यांवर नेला, आणि इलिनॉयने तर त्याच वर्षी प्रत्येक पैजेमागे २५ ते ५० सेंट लावले. अंदाजपत्रकात तूट आली की हात या पेटीकडे जातो. कर नागरिकांच्या हरण्यावर असल्यामुळे, लोक कमी हरले तर सरकारचेच उत्पन्न घटते, आणि अशा सरकारकडून कडक नियमनाची अपेक्षा करणे मला भाबडेपणाचे वाटते. चोरटा बाजारही संपत नाही, कारण चोरटा बुकी उधारी देतो आणि कायदेशीर ॲप आधी पैसे भरायला लावते. बेसबॉलपटू शोहेई ओतानीच्या दुभाष्याने त्याच्या खात्यातून सुमारे १.७ कोटी डॉलर पळवले, ते कॅलिफोर्नियातील अशाच एका बुकीची देणी भागवायला. त्याला २०२५ मध्ये ५७ महिन्यांची शिक्षा झाली. तरीही आपल्याकडची सरसकट बंदी मला पटत नाही. परदेशातून चालणारी ॲप तीमुळे थांबत नाहीत आणि भारतीय कंपन्यांकडे होती तेवढी नोंदसुद्धा हातची जाते.

प्रश्न : सट्टा कायदेशीर झाला की सामने विकले जाणे कमी होते का?
— एक क्रीडाशिक्षक, कोल्हापूर

उत्तर : कमी होते असे म्हणता येत नाही, सापडते मात्र लवकर. टोरांटो रॅप्टर्स या एनबीए संघाचा बास्केटबॉलपटू जॉन्टे पोर्टर मार्च २०२४ मध्ये एका सामन्यात आजारपणाचे कारण सांगून तीन मिनिटांतच बाहेर पडला. तो ठराविक आकड्यापेक्षा कमी कामगिरी करील अशी ८० हजार डॉलरची पैज कोणी लावली होती, जिच्यावर ११ लाख डॉलर मिळणार होते. कंपनीला संशय आला, पैसे अडवले गेले आणि पुढच्याच महिन्यात त्याच्यावर आजन्म बंदी आली. चोरट्या बाजारात ही नोंद झालीच नसती. पण हेही खरे की राखीव खेळाडूच्या वैयक्तिक आकड्यावर पैज घेणारे दुकान आधी उघडले गेले, म्हणून त्याला विकायला काही मिळाले. सामना हरायला संघ फोडावा लागतो. एक चेंडू बाहेर टाकायला एकच माणूस पुरतो, हे आपण २०१३ च्या आयपीएलमधील स्पॉट फिक्सिंगच्या प्रकरणापासून ऐकत आलो आहोत. नोव्हेंबर २०२५ मध्ये क्लीव्हलँडच्या दोन बेसबॉल गोलंदाजांवर अशाच ठरवून टाकलेल्या चेंडूंबद्दल आरोपपत्र दाखल झाले, तेव्हा लीगने सट्टा कंपन्यांशी बोलून दोन मर्यादा घालून घेतल्या. एका चेंडूवरची पैज २०० डॉलरच्या वर घ्यायची नाही, आणि ती पार्लेत बांधू द्यायची नाही.