वाचकांचे प्रश्न : तीन हस्तलिखिते कुठवर आली?

माझ्या नव्या रहस्यकादंबऱ्यांविषयी विचारणारी बरीच पत्रे गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आली. अनेकांचे प्रश्न सारखेच असल्यामुळे त्यांतले सहा निवडून येथे उत्तरे देत आहे.

बाई, तीन कादंबऱ्या एकाच वेळी चालू आहेत, असे आपण आमच्याकडच्या कार्यक्रमात म्हणाला होता. त्या कुठवर आल्या? आणि तीन कथा डोक्यात एकमेकींत मिसळत नाहीत का?
*– एक वाचक, खानापूर*

तिन्हींची नावे अजून पक्की नाहीत, म्हणून घरात आम्ही त्यांना 'रेल्वेची', 'उताऱ्याची' आणि 'मागाची' असेच म्हणतो. उतारा म्हणजे जमिनीचा कागद आणि माग म्हणजे विणकराचा. रेल्वेची कादंबरी मुद्रितशोधनात आहे. एकूण अठरा फर्मे, म्हणजे २८८ पाने होतील आणि त्यांपैकी अकरा फर्मे तपासून मी परत पाठवले आहेत. उताऱ्याच्या कादंबरीचा तिसरा खर्डा चालू असून शेवटची चार प्रकरणे राहिली आहेत. मागाच्या कादंबरीचा पहिला खर्डा दिवाळीआधीच संपला होता, परंतु दुरुस्तीला बसल्यावर ती मधल्या प्रकरणांत अडली. त्याविषयी शेवटच्या उत्तरात सविस्तर लिहिते.

मिसळण्याबद्दल आपण विचारलेत ते योग्यच आहे. दोन कथांचे कोरे लेखन एकाच काळात करायचे नाही, हा नियम मी पाळते. कोऱ्या लेखनासाठी पहाटे पाच ते साडेसात ही वेळ एकाच कादंबरीची असते. बाकीच्या दोन संध्याकाळी, फक्त तपासणीसाठी उघडते. शिवाय लिहून झालेला खर्डा किमान चार महिने पेटीत ठेवते, कारण नुकतेच लिहिलेले वाक्य वाचताना कागदावर काय आहे यापेक्षा आपल्या मनात काय होते तेच आपल्याला दिसत राहते.

रेल्वेच्या कादंबरीला एक वेगळाच त्रास झाला. तिची सुरुवातीची प्रकरणे मी जुन्या फॉन्टात टंकली होती आणि ती युनिकोडमध्ये उतरवताना कित्येक ठिकाणचे रफार गळाले. 'कर्ज'चे 'कज' झालेले डोळ्यांना लगेच दिसते. पण 'वर्ण'चे 'वण' झाले तर तोही खरा शब्द आहे आणि माझ्या कथेत एका माणसाची ओळख त्याच्या गालावरच्या वणावरून पटायची आहे. अशा जागा कोणतेही यंत्र शोधून देत नाही. प्रत्येक ओळीखाली पट्टी धरूनच वाचावे लागते.

रेल्वेच्या कादंबरीतली साठ पाने आपण काढून टाकलीत, असे ऐकले. एवढे लिहिलेले का काढले?
*– एक वाचक, लोंढा*

साठ नव्हे, चौसष्ट. ती का गेली हे आपल्या गावच्या वाचकाला सांगताना मला विशेष वाटते, कारण ही कथा लोंढ्याच्या फलाटावरच सुरू होते. काळ १९५७चा हिवाळा. गोव्यातून सोने आणि घड्याळे चोरून आणणारा एक माणूस लोंढा, तिनईघाट, कॅसलरॉक असा जातो, तिथून हद्दीपलीकडे गोव्यातल्या कुळ्याला जायला निघतो आणि परत येत नाही. पहिल्या दोन खर्ड्यांत तो गाडीच्या डब्यातच नाहीसा होत असे. घाटातली वळणे, बोगदे, दूधसागरचे तुषार खिडकीतून आत येणे, हे सारे मी अतिशय मन लावून लिहिले होते.

दुसरा खर्डा मी रेल्वेत हयात घालवलेल्या एका वृद्ध गृहस्थांना वाचायला दिला. त्यांनी समासात पेन्सिलीने एवढेच लिहिले होते : 'या वर्षी पलीकडे गाडी कुठली?' त्यांचे म्हणणे खरे होते. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्याच्या हद्दीवर सत्याग्रहींवर गोळीबार झाला आणि त्यानंतर भारत सरकारने गोव्याची आर्थिक कोंडी केली तेव्हा हद्दीपलीकडची रेल्वे वाहतूकही बंद झाली. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त होईपर्यंतच्या काळात माझा माणूस तिकीट काढून कुळ्याला जाऊच शकत नव्हता.

कथेचा काळ १९५४वर नेणे सोपे होते, पण तसे केले असते तर नाकेबंदीमुळे चोरट्या मालाला आलेला भाव गेला असता आणि गुन्ह्याचे कारणच उरले नसते. म्हणून काळ तोच ठेवला आणि गाडी काढली. आता तो माणूस कॅसलरॉकला उतरतो आणि रात्री रुळांच्या कडेने, गाडी नसलेल्या घाटातून पायी जातो. ज्या रुळांवरून गाडी येणार नाही हे ठाऊक आहे, त्या रुळांवर दूरवर कंदील हलताना दिसला तर काय वाटेल, हा प्रसंग पहिल्या दोन खर्ड्यांत असणे शक्यच नव्हते. आज तो माझ्या मते पुस्तकातला सर्वांत चांगला प्रसंग आहे.

बाई, आपल्या गोष्टींतले हवालदार आणि दुकानदार कन्नड बोलतात. सगळे मराठीत लिहिले तर खोटे वाटते आणि कन्नड लिहिले तर पुण्या-मुंबईच्या वाचकाला कळत नाही. आपण काय करता?
*– आपली एक माजी विद्यार्थिनी, येळ्ळूर*

तू वर्गातही नेमका अडचणीचाच प्रश्न विचारायचीस. माझी पद्धत अशी आहे की वाक्य मराठीत ठेवायचे. पण माणूस कोणत्या भाषेत विचार करतो आहे ते वाक्याच्या ठेवणीवरून कळले पाहिजे. ज्या शब्दाचा अर्थ प्रसंगातून आपोआप लागतो तेवढाच कन्नड शब्द तसाच ठेवते. हवालदार दार उघडून 'बर्री, बर्री' म्हणतो आणि म्हातारा आत येऊन बसतो. याचा अर्थ नागपूरच्या वाचकालाही कंसात सांगावा लागत नाही. 'हौद्री' या एका शब्दात होकार आणि अदब दोन्ही आहेत, त्याचे मराठी करायला गेले तर निम्मे हरवते.

आपल्या मराठीविषयी मात्र मी अधिक आग्रही आहे. 'काय करायलास?', 'येतो की', 'बस की जरा' ही आपली रोजची बोली पहिल्या पुस्तकाच्या वेळी एका मुद्रितशोधकांनी चुका समजून 'काय करतो आहेस?' अशी सुधारली होती. त्यांचा हेतू चांगला होता, पण बेळगावच्या वडगावातल्या गल्लीत मध्यरात्री घाबरलेला मुलगा असे बोलत नाही. आता मी प्रत्येक हस्तलिखिताबरोबर अशा शब्दांची आणि रूपांची यादी जोडते आणि ती बदलू नयेत अशी विनंती करते.

रहस्यकथेत या दुभाषेपणाचा उपयोग आणखी एका कामासाठी होतो. उताऱ्याच्या कादंबरीत एक साक्षीदार कन्नड येत नाही म्हणून दुभाषा मागतो. पण प्रश्न कन्नडमध्ये विचारला जात असताना, दुभाष्याने तोंड उघडण्याआधीच त्याचा हात खिशाकडे जातो. सीमाभागात वाढलेल्या वाचकाला ती जागा पटकन कळेल, असा माझा विश्वास आहे.

गुन्हा बेळगावात घडला आणि संशयित शिनोळीला, म्हणजे महाराष्ट्रात गेला, तर इथले पोलीस तिथे जाऊन त्याला पकडू शकतात का? कादंबऱ्यांत नेहमी 'आमची हद्द संपली' असे दाखवतात.
*– एक वाचक, निपाणी*

पकडू शकतात. ज्याला वॉरंटविना अटक करण्याचा अधिकार पोलिसांना आहे, त्याचा पाठलाग त्यांना देशात कुठेही करता येतो. ही तरतूद जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होती आणि नव्या कायद्यातही आहे. अटकेनंतर चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ वगळून, दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते आणि अंतर लांबचे असेल तर तिथल्याच न्यायालयाकडून ट्रान्झिट रिमांड, म्हणजे आरोपीला आपल्या हद्दीत घेऊन जाण्याची परवानगी, घेतात. शिनोळी बेळगावपासून इतकी जवळ आहे की माझ्या कथेत त्याची गरज पडत नाही. फिर्याद कोणत्या ठाण्यात द्यायची हा प्रश्नही आता तसा राहिलेला नाही, कारण १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे गुन्हा कोणाच्याही हद्दीत घडला असला तरी फिर्याद नोंदवून घ्यावी लागते.

याच तारखेमुळे संपादनात मला एक काम वाढले. एका हितचिंतकांनी मागाच्या कादंबरीतले 'कलम ३०२' खोडून त्या जागी 'कलम १०३' लिहिले होते. नव्या भारतीय न्याय संहितेत खुनाचे कलम तेच आहे. परंतु माझ्या कथेतला खून २०२३च्या पावसाळ्यातला आहे आणि १ जुलै २०२४च्या आधी घडलेल्या गुन्ह्याला जुनीच दंड संहिता लागते. म्हणून ३०२ परत आणले. सहायक पोलीस निरीक्षक हे पद महाराष्ट्रात आहे, कर्नाटकात नाही. आपल्याकडे उपनिरीक्षकाच्या वर थेट निरीक्षक येतो. पहिल्या खर्ड्यात माझ्याकडूनच ही चूक झाली होती, कारण आपण सारे बातम्या कोल्हापूरच्याही वाचतो आणि बेळगावच्याही.

उताऱ्याच्या कादंबरीत बनावट कागदपत्र कसे उघडकीला येते, याबद्दल थोडे सांगाल का?
*– एक वाचक, कडोली*

आता जे पुस्तकात आहे ते सांगता येणार नाही. जे काढले ते सांगते. १९७१ सालचे म्हणून दाखवलेल्या एका खरेदीखतात 'कर्नाटक राज्य' असे लिहिलेले असते आणि त्यावरून ते खोटे ठरते, असे मी योजले होते. आपला भाग १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला आणि त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले ते १ नोव्हेंबर १९७३ रोजी. तेव्हा १९७१च्या कागदावर ते नाव येणे शक्य नाही. दूरच्या वाचकासाठी हा दुवा चांगला होता. पण हे प्रकरण मी कडोलीच्याच साहित्य संमेलनाला आलेल्या चार मंडळींना वाचून दाखवले आणि चौघांनीही खताचा मजकूर संपायच्या आत मान हलवली. १ नोव्हेंबर ही तारीख ज्यांच्या घरात वर्षानुवर्षे काळा दिवस म्हणून पाळली गेली, त्यांच्यापासून ती लपवणार कशी? आता त्या जागी दुसरा दुवा घातला आहे. तो वाचकाच्या डोळ्यांसमोर तीन वेळा येतो. तीनपेक्षा कमी वेळा दाखवला असता तर ती वाचकाची फसवणूक झाली असती.

मी कॉलेजात शिकतो आणि एक रहस्यकथा लिहून झाली आहे. संपादन कुठून सुरू करावे?
*– एक विद्यार्थी, टिळकवाडी*

भाषेपासून सुरू करू नका. जे प्रकरण उद्या काढून टाकायचे आहे त्यातली वाक्ये घासूनपुसून ठेवण्यात महिने जातात. मी एक लांब वही घेते आणि तिच्यात तीन रकाने आखते : प्रसंग केव्हा घडला, त्या वेळी प्रत्येक पात्र कुठे होते, आणि तोवर कोणाला काय कळलेले होते. तिसरा रकाना सर्वांत त्रासाचा आहे. आठव्या प्रकरणात एखादी बाई 'त्याच्या चपला तर विहिरीपाशी होत्या' असे सहज बोलते आणि वही पाहिली की कळते, चपला सापडल्याचे तिला अजून कोणी सांगितलेलेच नाही. मग एकतर ती गुन्हेगार आहे किंवा लेखकाचे लक्ष नाही.

मागाची कादंबरी या वहीनेच अडवली आहे. खून वडगावात, यंत्रमाग असलेल्या एका गल्लीत रात्री होतो. मागांच्या खटखटीत किंकाळी कोणाला ऐकू आली नाही, एवढ्यावर पहिला खर्डा उभा होता. वही भरताना लक्षात आले की त्याच रात्री पावणेदोनला वीज गेल्याचे मी चौथ्या प्रकरणात लिहून ठेवले आहे आणि खूनही त्याच सुमाराला होतो. वीज गेली की माग थांबणार. मग ऐकू कसे आले नाही? शेजारी गाढ झोपेत होते, असे एक वाक्य घालून मी वेळ मारून नेली.

ते वाक्य मनाला पटेना, म्हणून ओळखीच्या एका विणकर कुटुंबाकडे रात्री जाऊन बसले. घरातली सून कांड्या भरत होती, धोट्याचा आवाज भिंतीतून पाठीला जाणवत होता आणि त्याच खोलीत, मागापासून चार हातांवर, दोन लहान मुले शांत झोपली होती. मी आजोबांना विचारले की एवढ्या आवाजात मुलांना झोप कशी लागते. ते म्हणाले, 'बाई, आवाजानं झोप लागते आम्हाला. माग थांबला की जाग येते बघा.'

म्हणजे पावणेदोनला ती सगळी गल्ली जागी झालेली असणार. तरीही पहिल्या खर्ड्यातले माझे सातही शेजारी पोलिसांना आपण झोपलो होतो असेच सांगतात आणि मी ते खरे मानून पुढची दीडशे पाने लिहिली आहेत. गेले पाच आठवडे नऊ ते चौदा ही प्रकरणे नव्याने लिहिते आहे. सध्या अकराव्यात आहे. सातांपैकी तिघे का खोटे बोलले ते मला कळले आहे, चौघांचे अजून शोधते आहे.