कोकणात राहून पाच हजारांत फ्लाइट सिम्युलेटरचे कंट्रोल जमवता येतील का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: देवगडला घर, जुना लॅपटॉप, पाच हजारांचं बजेट, आणि त्यात योक (विमानाचं स्टिअरिंग), थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करायचा दांडा), रडर पेडल (विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवायची पायाची पेडल) सगळं बसवायचंय. विकत घ्यावं की घरी बनवावं? मी कुडाळला मोटर रिवाइंडिंग आणि इन्व्हर्टर दुरुस्तीची कामं करतो आणि रात्री संगणकावर सिम्युलेटरमध्ये विमान उडवतो, म्हणून उत्तर देतोय. स्टिक, म्हणजे जॉयस्टिक, विकत घ्या. पेडल आणि थ्रॉटल घरी करा. योकचा नाद सध्या सोडा.

योक रुबाबदार दिसतो हे खरं. पण तो पुढे-मागे सरकतोही आणि फिरतोही, आणि दोन्ही हालचाली कुठे न अडखळता व्हाव्या लागतात. घरी करणारे बरेच जण ड्रॉवरचं चॅनल वापरतात. ड्रॉवर उघडायला ते उत्तम. लँडिंगच्या वेळी मात्र हात चार-पाच मिलिमीटरच हलवायचा असतो, आणि नेमकं तिथेच चॅनल आधी चिकटून बसतं आणि मग एकदम सुटतं. शिवाय योक सगळ्या विमानांना नसतोच. सेस्ना १७२ आणि एटीआरला योक, एअरबस ए३२० ला साइडस्टिक. कॅप्टन डावीकडे बसतो, म्हणून तो ती डाव्या हाताने चालवतो. जॉयस्टिक टेबलाच्या डाव्या कडेला ठेवलीत की ए३२० पुरता तुमचा प्रश्न मिटला.

स्टिक कोणती? लॉजिटेकची एक्स्ट्रीम थ्रीडी प्रो सगळ्यांच्या ओळखीची आहे: पिळली की रडर, तळाशी छोटा थ्रॉटल, १२ बटणं. थ्रस्टमास्टरची टी.१६०००एम महाग पडते, पण तिच्या मुख्य दोन अक्षांना हॉल सेन्सर (चुंबकावर चालणारे, न घासणारे) आहेत आणि पकड डाव्या हातासाठी बदलून घेता येते. वापरलेली चांगली मिळत असेल तर मी तिच्यासाठी थोडं थांबेन.

किनाऱ्यावर राहणाऱ्याने सेन्सरकडे पुण्या-नाशिकवाल्यापेक्षा जास्त बघायला हवं. साध्या स्टिकमध्ये बहुतेक वेळा पोटेन्शिओमीटर असतो, आपण दुकानात नुसतं ‘पॉट’ म्हणतो तो. आत कार्बनच्या पट्टीवर धातूची जीभ घासत फिरते. जून ते सप्टेंबर आपल्याकडे कमरेच्या पट्ट्यांना, चपलांना, पुस्तकांनाही बुरशी येते. त्यात खारा वारा. पट्टी झिजते, जिभेवर थर चढतो आणि हात स्थिर असतानाही आकडा उड्या मारायला लागतो. कॉन्टॅक्ट क्लीनर मारला की काही दिवस बरं चालतं, एवढंच. हॉल सेन्सरमध्ये घासायला काही नाही. चुंबक हललं की व्होल्टेज बदलतं. ४९ई नावाचा तीन पायांचा स्वस्त सेन्सर मिळतो. ५ व्होल्ट दिले आणि जवळ चुंबक नसलं तर साधारण २.५ व्होल्ट देतो, एका ध्रुवाने त्यावर जातो, दुसऱ्याने त्याखाली. घरी काही करणार असाल तर शक्यतो हाच घ्या. पॉटच वापरायचा तर ‘बी१०के’ लिहिलेला मागा. जुन्या टेपच्या व्हॉल्यूमचा काढून लावू नका. त्यावर बहुधा ‘ए’ असतो, म्हणजे तो सगळीकडे सारखा वाढत नाही, आणि रडर एका बाजूला ढिम्म तर दुसऱ्या बाजूला अंगावर येईल.

वापरलेली स्टिक घ्यायला जाताना लॅपटॉप बरोबर न्या. विंडोजच्या ‘रन’मध्ये जॉय डॉट सीपीएल (joy.cpl) टाइप केलंत की चाचणीची खिडकी उघडते. स्टिक चारही दिशांना ढकलून सोडा आणि फुली दर वेळी त्याच जागी परत येते का बघा. मग अर्धवट पिळून धरा. हात हलत नसताना पट्टी थरथरत असेल तर ट्विस्टचा सेन्सर गेलाय. पेडल घरी करणारच असाल तर त्याच कारणाने किंमत पाडून मागा.

आता पेडल. ट्विस्ट असताना ती कशाला, असं घरचे विचारतील. (माझी आई अजून त्यांना शिवणाच्या मशीनचा भाग समजते.) आपल्या सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाचं उदाहरण घ्या. धावपट्टी अडीच किलोमीटरची, साधारण पूर्व-पश्चिम. पावसाळी वारा नैर्ऋत्येचा. सिम्युलेटरमध्ये २२० अंशांवरून २० नॉटचा वारा लावा आणि समुद्राकडे तोंड करून, २७० च्या रोखाने उतरा. आडवा वारा १५ नॉटचा होतो, तोही डावीकडून. म्हणजे डावा पंख खाली ठेवायला स्टिक डावीकडे दाबायची आणि नाक सरळ ठेवायला त्याच मनगटाने ती उजवीकडे पिळायची. एक-दोन लँडिंग होतात, मग मनगट बोलायला लागतं. पायाने हेच काम सहज होतं.

सगळ्यात सोपी रचना म्हणजे मधोमध खिळवलेली एक आडवी पट्टी, दोन्ही टोकांवर एकेक पाय. जुन्या दाराचं सागवान मिळालं तर उत्तम. साधं प्लाय पावसाळ्यात फुगतं. मधल्या खिळीला ८ मिलिमीटरचा बोल्ट आणि ६०८ नंबरची दोन बेअरिंग, स्केटच्या चाकात असतात ती. नटबोल्ट मात्र स्टेनलेसचे. होड्यांचं सामान विकणाऱ्या दुकानात ते मिळतात आणि तिथे कोणी ‘कशाला हवेत’ विचारत नाही. पट्टी मध्यावर परत आणायला दोन्ही बाजूंना सारखे स्प्रिंग लावा. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्याही चालतात, फक्त त्या सैल होतात. सगळा सांगाडा पुढे सरकू नये म्हणून भिंत आणि फळी यांच्यामध्ये जांभ्याचा एक चिरा अडकवा. याहून स्वस्त आणि पक्की सोय मला माहीत नाही.

पॉट लावणार असाल तर खरी गंमत तो कसा जोडता यात आहे. सरळ खिळीवर बसवलात तर पट्टी एकूण ३५ अंशांच्या आसपासच फिरते. पॉट फिरतो साधारण ३००. पॉट ज्याला जोडायचा तो अर्डुइनो बोर्ड (प्रोग्राम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड) पूर्ण फेरीचे १०२४ भाग करतो, त्यातले तुमच्या वाट्याला जेमतेम १२० येतात आणि विमान रडरवर झटके खात चालतं. म्हणून पॉटच्या दांड्यावर साडेचार सेंटिमीटर व्यासाची चकती बसवा. पट्टीच्या टोकाला जाळं विणायचा नायलॉनचा दोरा बांधा, चकतीला एक वेढा द्या, खाचेत गाठ मारा आणि दुसरं टोक हलक्या स्प्रिंगने ताणून ठेवा. पाय पुढे-मागे मिळून १० सेंटिमीटर हलला की चकती साधारण २५५ अंश फिरते, म्हणजे जवळजवळ ८७० भाग हातात. तंगूस (गळाची नायलॉनची तार) वापरू नका, ती ताणली जाते. फळीवर दोन्हीकडे लाकडी अडसर ठोका, नाहीतर जोरात पाय मारल्यावर पॉटच्या आतलाच अडसर तुटेल. हॉल सेन्सर असेल तर दोरा-चकती नको. खिळीजवळ एका छोट्या हाताला समोरासमोर दोन चुंबकं आणि मध्ये स्थिर सेन्सर, एवढंच.

चकती आणि थ्रॉटलची मूठ मी सावंतवाडीच्या चितार आळीत करून घ्यायला सांगेन. लाकडी खेळणी करणाऱ्यांच्या लेथवर हे किरकोळ काम आहे. थ्रॉटलला स्प्रिंग नकोच, उलट थोडी घट्ट चाल हवी. दोन वॉशरमध्ये जाड कापडाचा तुकडा दाबला की झालं. पेटी म्हणून वायरिंगचा पीव्हीसी बोर्ड घ्या, गिअर-फ्लॅपसाठी दोन टॉगल स्विच त्यावरच बसतात.

बोर्ड अर्डुइनो प्रो मायक्रो किंवा लिओनार्डो घ्या. त्यातली ३२यू४ चिप यूएसबीवर स्वतःला जॉयस्टिक म्हणून सांगू शकते. उनो किंवा नॅनो स्वस्त दिसला म्हणून उचलू नका, त्यांना ते थेट जमत नाही. पॉटची बाहेरची दोन टोकं ५ व्होल्ट आणि ग्राउंडला, मधलं अ‍ॅनालॉग पिनला; मधलं आणि ग्राउंड यांच्यामध्ये १०४ लिहिलेला कपॅसिटर टाका, थरथर कमी होते. प्रो मायक्रोचं यूएसबी सॉकेट ओढलं की पत्र्यासकट निघतं, म्हणून वायर जोडण्याआधीच त्याला इपॉक्सीने पक्कं करा. अर्डुइनोसाठी जॉयस्टिकची तयार लायब्ररी फुकट मिळते, कोड लिहिता येत नसला तरी नमुना बदलून काम होतं.

जुन्या लॅपटॉपवर फ्लाइटगिअर या सिम्युलेटरने सुरुवात करा, तो फुकट आहे. मायक्रोसॉफ्टच्या फ्लाइट सिम्युलेटरच्या २०२० च्या आवृत्तीला किमान ८ जीबी रॅम आणि १५० जीबी जागा लागते. गावच्या नेटवर ते उतरवायचं म्हणजे तुमच्या धीराचा प्रश्न. वीज कडकडायला लागली की चार्जर आणि नेटची वायर काढून ठेवायची, हे देवगडवाल्याला मी काय सांगणार.

सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडला एका फेरीत मिळतात. गणपतीला येणाऱ्या कोणाला तरी यादी द्या, आणि पॉट किंवा सेन्सर एकेक न मागवता तीन-तीन मागवा. एक जळला म्हणून वीस-तीस रुपयांच्या वस्तूसाठी शिमग्यापर्यंत थांबावं लागेल.