ऑटो स्पेसिंग केलं आणि शिरोरेषाच तुटली

प्रश्न: मी पहिल्यांदाच फॉन्ट बनवतोय, इंग्रजी आणि देवनागरी दोन्ही. ऑटो स्पेसिंगची, म्हणजे अक्षरांमधली जागा आपोआप ठरवणारी, स्क्रिप्ट चालवली, इंग्रजी मस्त बसलं, पण मराठीत सगळीकडे शिरोरेषा तुटतेय आणि 'किती' टाइप केलं की वेलांटीनंतर भगदाडच पडतंय. आता सगळं हातानेच करायचं का?

उत्तर: अजिबात नको. तुमची स्क्रिप्ट भलत्याच ठिकाणी मोजतेय, एवढंच झालंय. ती बघते की अक्षराच्या कडेला पांढरी जागा किती आहे, आणि सगळ्यांना साधारण सारखी मिळेल अशी डावी-उजवी साईडबेअरिंग (अक्षराच्या दोन्ही बाजूंना सोडायची मोकळी जागा) लावते. म्हणून इंग्रजी 'एच'ला जास्त जागा मिळते आणि 'ओ'ला कमी, कारण गोलाईच्या वर-खाली पांढरं आधीच असतं. हाताने करणारेही हेच करतात, टाइप डिझायनर वॉल्टर ट्रेसीच्या पद्धतीत आधी कॅपिटल एच-ओ आणि स्मॉल एन-ओ पक्के करतात, बाकीची अक्षरं त्यांच्यावरून.

देवनागरीत शिरोरेषा कडेपर्यंत जाते, स्क्रिप्टला तीच अक्षराची कड वाटते आणि ती त्याच्यापुढे जागा सोडते, मग रेषा तुटणारच! तर शिरोरेषा काढलेली कॉपी करा, तिच्या खालपासून बेसलाइनपर्यंतच (अक्षरं खाली जिथे टेकतात ती रेषा) मोजा, आलेले आकडे मूळ अक्षराला द्या आणि मग शिरोरेषा दोन्हीकडे अक्षराच्या हद्दीच्या (साईडबेअरिंग धरून जिथे अक्षराची जागा संपते) किंचित बाहेर काढा. बरोब्बर हद्दीवर थांबवली तर कधीकधी सांध्यात केसाएवढी पांढरी रेघ दिसते. ट, द यांचं तोंड उजवीकडे उघडं असतं, ते आतपर्यंत मोजलं तर पुढचं अक्षर अंगावर येतं, म्हणून किती खोल मोजायचं त्याला लिमिट घाला.

'किती'चं म्हणाल तर पहिल्या वेलांटीची उजवी हद्द दांडीवरून ठरवायची, वरच्या कमानीवरून नाही, कमान पुढच्या अक्षरावर जायलाच हवी. न, त, प, म, स या सगळ्यांच्या उजवीकडे दांडीच आहे, तेव्हा एकाची उजवी बाजू डोळ्यांनी नीट ठरवा आणि तीच सगळ्यांना द्या, काना आणि दुसऱ्या वेलांटीलासुद्धा, यात खूप वेळ वाचतो. अर्धी अक्षरं आणि वरखालच्या मात्रा स्क्रिप्टमधून वगळाच, अर्धा न पुढच्या अक्षराला चिकटायलाच हवा ना.

कर्निंगला (ठरावीक जोड्यांमधली जागा वेगळी कमी-जास्त करणं) मात्र एवढ्यात हात लावू नका, साईडबेअरिंग नंतर बदललं तर ते सगळं परत करावं लागतं.