हाय-गेन अ‍ॅम्पमध्ये आधीच ढीगभर गेन (सिग्नलची वाढ, जिने गिटारचा आवाज फाटतो) असताना पुढे ओव्हरड्राइव्ह पेडल (आवाज फाडणारी पायाखालची डबी) कशाला लावायचं? आणि कोणतं घ्यावं?

कोणतं घ्यावं ते शेवटी दोन ओळींत सांगतो. ‘कशाला’वर मात्र सविस्तर लिहितो, कारण ‘अ‍ॅम्प चांगला असेल तर पेडल लागतच नाही’ हे वाक्य ऐकून ऐकून कान किटले आहेत. आणि ते साफ चूक आहे.

हाय-गेन अ‍ॅम्पपुढे हे पेडल गेन वाढवायला लावत नाहीत. डिस्टॉर्शन (आवाज फाटणं) होण्याआधी सिग्नलमधला बेस मागे ढकलायला लावतात.

पीव्ही कंपनीचा 5150 हा हाय-गेन अ‍ॅम्प घ्या, 1992 सालचा. लीड चॅनलवर गेन 7, आणि जाड ई तारेवर पाम म्यूट करून (तळहाताची कड तारेवर टेकवून) गॅलप वाजवा: एक लांब, दोन आखूड. तिन्ही ठोके एकमेकांत मिसळून नुसती घरघर ऐकू येते. त्या तारेचा मूळ सूर 82 हर्ट्झचा. तारेची बरीचशी ताकद खालच्या सुरांत असते, त्यामुळे प्रीअ‍ॅम्पच्या ट्यूब आधी त्यानेच क्लिप होतात (सिग्नलचे शेंडे कापतात) आणि पिकचा ‘टक’ त्याखाली दबतो. इथे बहुतेक जण अ‍ॅम्पचा बेस नॉब कमी करतात. पण 5150 मध्ये टोनचे नॉब गेनच्या टप्प्यांनंतर येतात. फोडणी करपल्यावर आच कमी करण्यासारखं आहे ते.

आता ट्यूब स्क्रीमर या इबानेझच्या प्रसिद्ध ओव्हरड्राइव्ह पेडलच्या आत बघा. क्लिपिंगच्या टप्प्यात 4.7 किलोओहमचा रेझिस्टर आणि 0.047 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे. या जोडीमुळे साधारण 720 हर्ट्झच्या खाली गेन उतरत जातो. ड्राइव्ह (पेडलच्या गेनचा नॉब) शून्यावर असला तरी 1500 हर्ट्झला हा टप्पा सिग्नल दहापट करतो आणि 82 हर्ट्झला जेमतेम पावणेदोन पट. (डायोड क्लिप व्हायला लागण्याआधीचा हिशोब.) पुढे टोनचा फिल्टर वरची किरकिर उतरवतो. राहतो तो मधला उंचवटा, आणि अ‍ॅम्पच्या पहिल्या ट्यूबवर तोच आदळतो.

सेटिंग असं: ड्राइव्ह शून्य, टोन घड्याळातल्या बारावर, लेव्हल तीनपासून पुढे, हवं तर पूर्ण. मग अ‍ॅम्पचा गेन 7 वरून 4 किंवा 5 वर आणा. ही पायरी लोक गाळतात आणि खापर पेडलवर फोडतात. तोच गॅलप पुन्हा वाजवा. तिन्ही ठोके सुटे येतील, मधली शांतता शांतताच राहील. आवाज पातळ वाटला तर पेडलला हात लावू नका. अ‍ॅम्पचा बेस आणि रेझोनन्स (खालच्या सुरांचा आणखी एक नॉब) वाढवा. डिस्टॉर्शननंतर दिलेला बेस चिखल करत नाही, छातीत बसतो.

ड्राइव्ह 5 आणि अ‍ॅम्पचा गेन 8 ठेवलात तर सस्टेन (लांबणारा सूर) मिळेल, पण पिकचा घाव जाईल आणि हात उचलताच फीडबॅकची शिट्टी सुरू होईल. पेडल इफेक्ट्स लूपमध्ये (प्रीअ‍ॅम्पनंतर पेडल जोडायच्या जागी) लावू नका. तिथे डिस्टॉर्शन होऊन गेलेलं असतं. सोलोसाठी मोठा आवाज हवा असेल तर तो या पेडलकडून मिळणार नाही: प्रीअ‍ॅम्प आधीच दाबलेला असल्यामुळे आवाज फक्त दाट होतो. त्यासाठी लूपमध्ये साधा क्लीन बूस्ट (आवाज न फाडता फक्त मोठा करणारं पेडल) लावा.

खरखर वाढणार, ते गृहीत धरा. गिटार, ओव्हरड्राइव्ह, नॉइज गेट (ठरावीक पातळीखालचा, म्हणजे थ्रेशोल्डखालचा आवाज बंद करणारं पेडल), अ‍ॅम्प असा क्रम ठेवा. तारा हाताने दाबून धरा आणि गेटचा थ्रेशोल्ड खरखर नुकती थांबेल इतकाच चढवा. त्याहून जास्त चढवलात तर सुराचं शेपूट कापलं जाईल. हम येतो म्हणून अ‍ॅम्पच्या प्लगची अर्थिंगची पिन काढणारे लोक आहेत. ते कधीही करू नका, जिवावर बेतेल. आधी खोलीचं अर्थिंग आणि पेडलचा अ‍ॅडॉप्टर तपासा.

‘फक्त अ‍ॅम्प’वाल्यांना एवढंच विचारायचंय: मेसा कंपनीच्या मार्क मालिकेतल्या अ‍ॅम्पमध्ये टोनचे नॉब गेनच्या आधी येतात, म्हणून वाजवणारे बेस जवळजवळ शून्यावर ठेवतात आणि पुढच्या पाच पट्ट्यांच्या ईक्यूवर तो परत आणतात. आधी काढा, नंतर घाला. हेच काम अ‍ॅम्पच्या आत झालं तर चालतं आणि पेडलने केलं तर कमीपणा कसा?

अर्थात त्याच कारणामुळे मार्कपुढे पेडलची गरज कमी पडते. ब्रिजवर बारीक आवाजाचा सिंगल कॉइल असेल किंवा घरी छोट्या स्पीकरवर हळू वाजवत असाल, तर पेडलने आवाज नाकात बोलल्यासारखा होऊ शकतो. डूमसाठी (संथ, जड मेटलसाठी) तर वापरूच नका, तिथे तो पसरलेला बेसच हवा असतो.

कोणतं घ्यावं: बॉसचं एसडी-1 स्वस्त आहे आणि या कामाला पुरतं. टीएस9 (ट्यूब स्क्रीमरचं एक मॉडेल) आवडत असेल तर ते घ्या. ड्राइव्ह शून्यावर असताना दोन्हींतला फरक बँडमध्ये कुणाला कळत नाही.